सर्जनची मानदुखी सोसायचीच असते का?

तुम्ही लिहिलंय की ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन तीनच वर्षं झालीत, मान आणि खांदा रोज दुखतो, आणि सीनियर म्हणतात, 'सर्जरीत हे चालायचंच.' मीही हेच ऐकून गप्प राहिले. उजव्या अंगठ्याला मुंग्या येऊन हातातून फोर्सेप (चिमटा) निसटायला लागला, तेव्हा कुठे एमआरआय केला. मानेतली गादी सरकली होती. तुम्ही एवढं थांबू नका. बधिरपणा किंवा पकड ढिली वाटली तर त्याच आठवड्यात नागपूर किंवा सेवाग्रामचं मोठं रुग्णालय गाठा.

मी यवतमाळ जिल्ह्यात काम करते, उंची पाच फूट. कापसाची वेचणी सरत आली की आमच्याकडे बाया नसबंदीला येतात, म्हणून हिवाळ्यात दुर्बिणीची ऑपरेशनं एकामागून एक. ऑपरेशन टेबलाचा पंप बिघडलेला, टेबल खाली जायचंच नाही. त्यात पेशंटचं डोकं खाली केलं की ओटीपोट वर येतं, लांब दांड्याची अवजारं आणखी वर, आणि माझी कोपरं पार खांद्याच्या रेषेत. एकदा मानेला पट्टा लावून राउंड घेताना एक आजी म्हणाल्या, "बाई, तुमची मान बी आमच्यावानीच गेली का वो?"

टेबलाची उंची ठरवायची ती टेबल कलवून, पोटात गॅस भरून झाल्यावर. तेव्हा कोपर काटकोनात किंवा त्याहून थोडं सरळ राहिलं पाहिजे. साधं स्टूल घेऊ नका. पाय वर जातात पण कॉटरीचं (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राचं) पायाने दाबायचं पॅडल खालीच राहतं, मग तासभर एका पायावर तोल. मी वेल्डिंगवाल्याकडून सहा इंच उंच, तीन फूट रुंद लोखंडी चौथरा करून घेतला. दोन्ही पाय आणि पॅडल त्यावरच मावतात, धुताही येतो.

तुम्ही उंच असाल तर टेबल तुमच्या मापाने लावा आणि असिस्टंटला चौथरा द्या, नाहीतर तुमची मान वाकलेलीच राहते. डोक्याचं वजन जवळपास ५ किलो, पण मान ६० अंश वाकली की मणक्यावरचा भार अंदाजे २७ किलोंपर्यंत जातो. मॉनिटर अगदी समोर, नजरेच्या किंचित खाली हवा.

दर वीस-तीस मिनिटांनी हात निर्जंतुकच ठेवून मिनिटभर खांदे फिरवा. त्याने ऑपरेशन फारसं लांबत नाही, हे अभ्यासांतही दिसलंय. आमच्या सिस्टर आता घड्याळ बघून स्वतःच सांगतात, "मॅडम, खांदे."