एच-१बी व्हिसावर असताना गन शोमधून शिकारीचे पिस्तूल घ्यावे का?

प्रश्न : आम्ही डॅलसच्या एका उपनगरात राहतो. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि पत्नी एच-४ वर. गेल्या हंगामात ऑफिसातील सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला गेलो आणि मला त्याची गोडी लागली. आता गन शोमध्ये जाऊन ‘कंटेंडर’ नावाचे एकबारी पिस्तूल घ्यावे, असे मनात आहे. सहकारी म्हणतात, टेक्ससमध्ये कागदपत्रांची कटकट नाही, पैसे मोजायचे आणि घेऊन यायचे. पत्नीला हे अजिबात पटत नाही. दिवाळीनंतर आईबाबाही येणार आहेत. काय करावे?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरेचसे खरे असेल, कारण ते बहुधा अमेरिकी नागरिक आहेत. तुम्ही नाही, आणि या व्यवहारात सगळा फरक तिथेच पडतो. १९९८ साली अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात अशी तरतूद झाली की, नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीने बंदूक, पिस्तूल किंवा काडतुसे विकत घेणे तर सोडाच, जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. नोकरीचे एच-१बी व एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांचा एच-४, पर्यटकांचा बी-२ हे सगळे व्हिसा त्यात येतात. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झालेला असणे म्हणजे ग्रीन कार्ड हातात असणे नव्हे, हे आपल्याकडच्या अनेकांच्या लक्षात येत नाही.

या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला तुमच्या उपयोगाचा एकच : अमेरिकेतील कोणत्याही राज्याने रीतसर दिलेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. गेल्या हंगामात तुम्ही परवाना काढूनच गेला होता, असे मी धरून चालतो. आता तो काढून त्यावरची तारीख पाहा. टेक्ससचा नेहमीचा वार्षिक परवाना तुम्ही कोणत्याही महिन्यात घेतला तरी ३१ ऑगस्टला संपतो. नागरिकाच्या दृष्टीने परवाना संपणे म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत शिकार बंद, एवढेच. तुमच्या दृष्टीने मात्र १ सप्टेंबरच्या पहाटे कपाटातले पिस्तूल बेकायदा ठरते, कारण ते बाळगण्याचा तुमचा आधारच त्या कागदावर उभा आहे. नव्या वर्षाचे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळू लागतात, तेव्हा तो लगेच घेऊन टाकावा. नोव्हेंबरात हंगाम सुरू होईपर्यंत थांबण्याची चैन तुम्हाला परवडणारी नाही.

शिकारीचे शिक्षण हा त्याच्याशी जोडलेला विषय आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला टेक्ससमध्ये हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि सतरा वर्षे व त्यावरील व्यक्तींना तो संपूर्णपणे ऑनलाइन करता येतो. तो केला नसेल तर आधी तो करा. गावाकडे कोकणात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुणा काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असेल, तर परवाना हा बंदुकीचा असतो अशी आपली समजूत असते. टेक्ससमध्ये पिस्तूल घरी ठेवायला राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. तुम्हाला जो लागतो तो शिकारीचा आहे, आणि तो लागतो तुमच्या व्हिसामुळे.

आता गन शोविषयी. जत्रेच्या मैदानावरील किंवा एखाद्या कन्व्हेन्शन सेंटरमधील मोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा मांडलेल्या असतात. काही टेबलांवर संघराज्याचा परवाना असलेले डीलर बसतात, तर काहींवर आपल्या संग्रहातील दोन-चार वस्तू विकायला आलेले खासगी लोक. लांबून दोघे सारखेच दिसतात. डीलरकडून घेताना तुम्हाला फॉर्म ४४७३ हा संघराज्याचा खरेदीदाराचा अर्ज भरावा लागतो आणि एनआयसीएस या एफबीआयच्या यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. खासगी विक्रेत्यावर संघराज्य कायद्याने अशी तपासणी बंधनकारक नाही आणि टेक्ससनेही ती बंधनकारक केलेली नाही. तुमच्या सहकाऱ्यांची ‘कटकट नाही’ ही गोष्ट इथून आली आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे : खासगी टेबलावर कितीही सुरेख नग दिसला तरी तो घेऊ नका. वैध शिकारी परवाना असेल तर खासगी विक्रेत्याकडून घेणे तुमच्यासाठी बेकायदा नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही व्हिसावर असलेल्या माणसाजवळ आपण काहीही न लपवता ही खरेदी केली याचा कागद असावा, आणि तो कागद फक्त डीलरकडे तयार होतो. पुढे ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत हा विषय निघालाच, तर ‘एका गृहस्थाला रोख पैसे दिले’ या उत्तरापेक्षा तो कागद कितीतरी बरा.

फॉर्म ४४७३ शांतपणे वाचून भरा. नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिहायचे. घाईत अमेरिकेच्या चौकटीत खूण झाली तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि इमिग्रेशन कायद्यात त्याइतकी जड चूक क्वचितच दुसरी असेल. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे आणि अपवादाच्या पुढच्या प्रश्नालाही ‘हो’ म्हणून शिकारीचा परवाना दाखवायचा. आय-९४ या अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीवरचा क्रमांक जवळ ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता असू द्या. पिस्तुलासाठी डीलरकडे खरेदीदार किमान २१ वर्षांचा आणि त्याच राज्याचा रहिवासी असावा लागतो, म्हणून ओक्लाहोमातील टल्सा येथे भरणारा प्रचंड शो पाहायला गेलात तरी तिथले पिस्तूल थेट हातात मिळणार नाही. ते टेक्ससमधल्या डीलरकडे पाठवून इथे फॉर्म भरावा लागेल. तपासणीचा निकाल कधी लगेच येतो, कधी ‘विलंब’ असा येतो. विलंब म्हणजे नकार नव्हे, तेव्हा काउंटरवर वाद घालू नये.

याच फॉर्मवर तुम्ही खरे खरेदीदार आहात का, असेही विचारलेले असते. ते पिस्तूल एखाद्या मित्राला हवे असेल आणि पैसे त्याचे असतील, तर ‘हो’ लिहिणे हा गुन्हा आहे. २०१४ साली अब्राम्स्की खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. त्या खटल्यातील पुतण्याने काकांच्या पैशांनी काकांसाठी पिस्तूल घेतले होते आणि काकांना स्वतःला ते घेण्याची पूर्ण मुभा होती, तरीही शिक्षा कायम राहिली. ‘भावोजींसाठी तेवढे घेऊन ठेव’ हा आपल्याकडचा सहज व्यवहार इथे चालत नाही.

वस्तूविषयी म्हणाल तर तुमची निवड चांगली आहे. वॉरन सेंटर यांनी घडवलेले थॉम्पसन-सेंटरचे कंटेंडर १९६७ मध्ये न्यू हॅम्पशायरमधून बाजारात आले आणि हँडगनने शिकार करणाऱ्यांचे ते लाडके झाले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे नळी बदलता येते : एकाच सांगाड्यावर आज .२२ या लहान काडतुसाची नळी लावून डब्यांवर सराव करावा आणि उद्या .३०-३० या मोठ्या काडतुसाची लावून हरणामागे जावे. टेक्ससमध्ये हरणासाठी .२२ सारखी रिमफायर (ज्यांच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन बार उडतो ती) काडतुसे चालत नाहीत, एवढे लक्षात असू द्या. अनुक्रमांक सांगाड्यावर असतो आणि कायद्याच्या नजरेत सांगाडा हेच शस्त्र आहे. याच कंपनीच्या पुढे निघालेल्या एन्कोर पिस्तुलाच्या नळ्या कंटेंडरला बसत नाहीत. जी-२ या कंटेंडरच्या नंतरच्या आवृत्तीच्या बसतात. कंपनी २००७ पासून स्मिथ अँड वेसनकडे होती आणि २०२१ मध्ये त्यांनी ती विकायला काढली, त्यामुळे शोमध्ये दिसणारे बहुतेक नग वापरलेलेच असतात आणि पारखूनच घ्यावे लागतात.

हातात घेण्याआधी विक्रेत्याची परवानगी घ्या, आणि शिकारीचा परवाना तेव्हाही खिशात असू द्या. चापाच्या कडीला मागे जी शेपटी असते ती ओढली की नळी बिजागरीवर पुढे कलते. आत काडतूस नाही ना, हे आधी पाहा. बंद करताना नळी ठाम आवाजाने बसली पाहिजे. बंद झाल्यावर सांगाडा एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून हलवून पाहावी आणि ढिलेपणा जाणवला तर पुढच्या टेबलाकडे वळावे, कारण हाताने भरलेली जास्त दाबाची काडतुसे वापरून अशी पिस्तुले सैल झालेली असतात. नळीतून दिव्याकडे पाहिल्यावर आत अंगठीसारखी गडद सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे असे समजावे. नळीवर कोणते काडतूस कोरले आहे ते वाचा : .३०-३० कुठल्याही दुकानात मिळते, ७ मिमी टीसीयूसाठी मात्र बहुधा स्वतः काडतुसे भरावी लागतात. जुन्या कंटेंडरचा घोडा हलकेच खाली सोडला तर पुन्हा चढवण्यासाठी नळी उघडून मिटावी लागते. तो बिघाड नाही. जी-२ मध्ये ही पद्धत बदलली.

एका मोहापासून मात्र दूर राहा. त्याच टेबलावर याच सांगाड्याला बसणारा, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता स्वस्तात मिळतो. १६ इंचांपेक्षा आखूड नळी असताना तो जोडला तर कायद्याने ती ‘आखूड नळीची रायफल’ होते आणि आधी नोंदणी केलेली नसेल तर तो संघराज्याचा गंभीर गुन्हा ठरतो. २०२६ पासून त्या नोंदणीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे; नोंदणी सुटलेली नाही. तसेच कारखान्यातून रायफल म्हणून निघालेल्या सांगाड्याला आखूड नळी लावून पिस्तूल करता येत नाही, म्हणून सांगाडा मुळात पिस्तूल म्हणून विकला गेला होता का, हे डीलरला विचारून पावतीवर लिहून घ्या.

आता तुमच्या पत्नीच्या आक्षेपाकडे येतो, कारण माझ्या मते या घरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो आहे. त्या एच-४ वर आहेत. त्यांच्याकडे स्वतःचा शिकारी परवाना नसेल तर पिस्तुलावर किंवा काडतुसांवर त्यांचा ताबा असता कामा नये, आणि ताबा म्हणजे हातात धरणे एवढाच अर्थ न्यायालये घेत नाहीत. तिजोरीचा आकडा माहीत असणे, किल्ली हाताशी असणे यावरूनही ताबा ठरू शकतो. म्हणून तिजोरी घ्यायची आणि तिचा आकडा फक्त तुम्हाला ठाऊक ठेवायचा. तो एकमेकांपासून लपवण्याचा नव्हे, तर दोघांनी मिळून घेतलेला निर्णय असावा. हे त्यांना मान्य नसेल, तर पिस्तूल घेऊ नका. घरात सतरा वर्षांखालील मूल असेल, तर शस्त्र त्याच्या हाती लागेल असे ठेवणे टेक्ससमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे.

आईबाबा बी-२ वर येतील. बाबांना हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेऊन एक बार काढायला लावणे आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे हे फार घडते. परवान्याशिवाय भाड्याचे पिस्तूल हातात धरणेही त्यांच्यासाठी बेकायदाच आहे. एफ-१ वर शिकणाऱ्या भाचरांनाही हेच लागू.

शेवटी, नोकरी बदलून राज्य बदलणार असाल तर सामान बांधण्याआधी तिथला कायदा पाहा. इलिनॉयमध्ये एफओआयडी हे शस्त्रधारकाचे ओळखपत्र लागते, आणि न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच पोलिसांचा परवाना लागतो व पिस्तुलाने हरणाची शिकार करता येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी जाण्याची शक्यता खरोखरच असेल, तर यंदा सहकाऱ्याचे पिस्तूल त्याच्या सोबतीने वापरा, आपला परवाना चालू ठेवा आणि खरेदी लांबणीवर टाका. तुमच्या व्हिसाची नेमकी स्थिती मात्र शोला जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवून घ्या.