साटंलोटं: मांडवातलं आणि पेपरातलं

प्रश्न असा आलाय: अंबाजोगाईकडची आजी म्हणाली, "आमचं साट्यालोट्याचं लगीन," आणि त्याच आठवड्यात पेपरात ठेकेदार-अधिकाऱ्यांच्या साटेलोट्याची बातमी वाचली. हे शब्द दोन का एकच?

एकच. आणि आजीचा अर्थ थोरला.

साटं म्हणजे अदलाबदल. राजस्थानात याच चालीला आटा-साटा म्हणतात, पंजाब-सिंधकडे वट्टा-सट्टा. तुमची लेक आमच्या पोराला, आमची तुमच्या पोराला. मग हुंडा कोण कोणाला मागणार? दोन्ही लग्नं एकाच मांडवात उरकली तर जेवणावळही एकच. ज्वारी-कापसाच्या भरवशावर लेकी उजवणाऱ्या मराठवाड्यात हा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

नात्यांचा मात्र गुंता. नणंद तीच भावजय. आमच्या शेजारच्या घरात असंच साटं झालेलं. तिथली लेकरं आजोळी गेली की जिला मामी म्हणून भाकर मागायची, तीच राखीला त्यांच्या घरी आली की आत्या. धाकटा शेवटी वैतागून तिला नुसतं "अगं" म्हणायचा.

जाच वेगळाच. एका जोडप्याचं बिनसलं की दुसऱ्याच्या चुलीवर पाणी. एक लेक माघारी आली, की दुसरीचा संसार धड चालला असला तरी तिचंही गाठोडं बांधायला लावत. म्हणून दोन्ही घरं बरंच काही गिळून गप्प बसायची. आपली लेक त्यांच्या घरात आहे ना! मला वाटतं, पेपरातला अर्थ इथूनच निघाला. नुसती देवाणघेवाण असती तर 'व्यवहार' म्हणून भागलं असतं. साटेलोटे म्हटलं की दोघांचंही काहीतरी एकमेकांकडे अडकलेलं असतं, त्यामुळे तक्रार कुणीच करत नाही. बदनामी मात्र शब्दाच्या वाट्याला आली. आता शहरातल्या नातवाला आजीचं वाक्य ऐकून दचकायला होतं.

वापराचं थोडं. बोलताना साटंलोटं, लिहिताना साटेलोटे, नपुंसकलिंगी एकवचन. त्यामुळे "त्यांचे साटेलोटे आहेत" नव्हे, "साटेलोटे आहे". क्रियापदही बघा: गावात साटंलोटं 'करतात', चारचौघांत, वाजतगाजत. पेपरात ते नुसतं 'असतं', नाहीतर 'असल्याचा आरोप' होतो.