स्लीपनंतर यूएसबी वायफाय गायब होतं: स्क्रिप्ट पुरे की ड्रायव्हरच दुरुस्त करावा?

स्क्रिप्ट राहू द्या. तुमचा लिनक्सवाला लॅपटॉप स्लीपमधून उठला की यूएसबी वायफायचा डोंगल दिसत नाही, स्क्रिप्टने ड्रायव्हर काढून परत लोड केला की चालतो, आणि तुमचा मित्र म्हणतो ही नुसती मलमपट्टी आहे, ड्रायव्हरच दुरुस्त करायला हवा. त्याचं निम्मं बरोबर आहे.

माझं म्हापशात दुरुस्तीचं दुकान आहे. डिसेंबरात कळंगुटच्या एखाद्या हॉटेलचा बिलिंगचा कॉम्प्युटर अडला, तर मालकाला ‘मूळ कारण शोधतो, थांबा’ असं सांगून चालत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं. जे चालेल ते लावायचं आणि निघायचं. मूळ कारण शोधायला पावसाळा आहे, तेव्हा किनाऱ्यावरचे शॅकसुद्धा मोडून ठेवलेले असतात. (वीज राहिली तर.)

तुमचा मित्र एक विसरतो: लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःच तोडग्यांनी भरलेलं आहे. पीसीआयवर (मदरबोर्डला जोडलेल्या) चालणाऱ्या यंत्रांच्या ‘क्वर्क्स’ची, म्हणजे खोडींची, वेगळी फाइलच आहे, हजारो ओळींची. यूएसबीचीही यादी आहे: अमुक मॉडेल झोपेतून नीट उठत नाही, तर त्याला थेट रीसेट करा. चूक चिपमध्ये असेल तर विकून झालेली चिप कोण बदलणार? तिथे ड्रायव्हरमधला तोडगा हीच दुरुस्ती. पण तो व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक) पाहून नेमक्या त्याच यंत्राला लागतो आणि सगळ्यांपर्यंत पोचतो. तुमची स्क्रिप्ट तुमच्याच लॅपटॉपवर राहते. उद्या दुसऱ्या कुणी तोच डोंगल घेतला की त्याची डोकेदुखी पहिल्यापासून सुरू.

म्हणून आधी हे करून बघा. बूट करताना कर्नलला ‘यूएसबीकोर डॉट क्वर्क्स’ हा पर्याय देता येतो. त्यात डोंगलचे दोन्ही आयडी आणि पुढे इंग्रजी स्मॉल ‘बी’ लिहा, म्हणजे जागं होताना तो रीसेट होईल. स्क्रिप्टशिवाय चाललं तर दुरुस्ती जवळजवळ तुमच्या हातात आली. कर्नलच्या यादीत एका नोंदीचं काम उरतं. कर्नलचा यूएसबी भाग सांभाळणाऱ्यांना तेवढं कळवा.

जुन्या कर्नलवर हाच डोंगल नीट चालत होता का, तेही तपासा. चालत असेल तर गोष्ट वेगळी. आधी चालणारं नव्या कर्नलने मोडता कामा नये, यावर लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स फार कडक आहेत, त्यामुळे अशी तक्रार सहसा गांभीर्याने घेतली जाते. गिट बायसेक्टने (दर वेळी उरलेले बदल निम्मे करत शोधणाऱ्या साधनाने) 10,000 बदलांतून दोषी बदल साधारण 14 पायऱ्यांत सापडतो. मात्र दर पायरीला कर्नल बिल्ड करावं लागतं, आणि जुन्या लॅपटॉपवर ते काम अख्खी दुपार खातं.

मला खरा राग आहे तो सरसकट तोडग्यांचा. एका डोंगलसाठी सगळ्या यूएसबीचं ऑटोसस्पेंड (वापरात नसलेलं यंत्र आपोआप झोपवणं) बंद करून टाकतात. मग बॅटरी लवकर का उतरते म्हणून वर्षभराने तोच लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो, आणि ती ओळ कुणी कशासाठी घातली ते घरात कुणालाच आठवत नाही. तुमच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर तारीख, कर्नलची आवृत्ती आणि कारण लिहा. नवं कर्नल आलं की ती बंद करून एकदा बघा. आणि ड्रायव्हर काढण्याआधी डीमेसेजचा (dmesg, कर्नलच्या संदेशांचा) लॉग फाइलमध्ये साठवणारी एक ओळ आजच घाला. कळवायला जाल तेव्हा पहिल्यांदा तोच मागतील.