लघवीचं कल्चर कोरं, मग जळजळ कशाची?

प्रश्न : वय ३१, विवाहित. कामासाठी पुण्यात एकटा राहत असताना एकदा निरोध न वापरता संबंध आला. दोन आठवड्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली, सकाळी पातळ, पाण्यासारखा स्राव दिसतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. लघवीच्या कल्चरमध्ये 'नो ग्रोथ' आलं. म्हणजे मी सुटलो ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नाही. लघवीचं कल्चर म्हणजे नमुना पोषक थराच्या प्लेटवर ठेवून जंतू उगवतात का ते पाहणं. ते असतं ई. कोलायसारख्या, लघवीच्या नेहमीच्या संसर्गाच्या जंतूंसाठी. तुमच्यासारख्या तक्रारीत आम्ही लॅबवाले आधी गनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून लागणारे दोन संसर्ग शोधतो, आणि दोघेही त्या प्लेटवर उगवत नाहीत. गनोरियाच्या जंतूला तापवलेल्या रक्ताचा पोषक थर (चॉकलेट अगार) लागतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड. क्लॅमिडिया तर माणसाच्या पेशीच्या आतच वाढतो, कुठल्याच प्लेटवर येत नाही.

गनोरिया असता तर बहुधा आठवड्याच्या आतच घट्ट, पिवळसर पू आला असता. तो पू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला (ग्रॅम स्टेन) की पू-पेशींच्या पोटात जंतूंच्या गुलाबी जोड्या दिसतात, समोरासमोर ठेवलेल्या राजम्याच्या दाण्यांसारख्या. पुरुषांत एवढ्यावर निदान होतं. तुमचा पातळ स्राव आणि दोन आठवड्यांचं अंतर बघता माझा संशय क्लॅमिडियावर आहे. लघवीचा रुटीन रिपोर्ट काढून पाहा: पस सेल्स (पू-पेशी) भरपूर आणि कल्चर कोरं असेल तर संशय आणखी बळावतो. अर्थात अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीही कल्चर कोरं येतं, हेही डॉक्टरांना सांगा.

आता पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी करा, दोन्ही जंतूंसाठी. कल्चरला तुम्ही मधल्या धारेची लघवी दिली असेल. इथे नेमकी पहिली धार हवी, कारण मूत्रमार्गातल्या पेशी तीच धुऊन आणते. आधी तासभर लघवीला जाऊ नका, पुसून-धुऊन घेऊ नका, पहिली २०-३० मिलिलिटरच डबीत घ्या. जास्त भरलीत तर नमुना पातळ होतो. (डबी काठोकाठ भरून आणणारे रोज भेटतात!)

सोबत व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही; दोन्ही तीन महिन्यांनी पुन्हा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांसाठीचा विभाग) गेलात तरी चालेल, तिथे गुप्तता पाळतात.

यादरम्यान पत्नीशी संबंध आला असेल तर तिची तपासणी टाळू नका. बायकांना क्लॅमिडियाचा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, आणि तो गर्भनलिकांपर्यंत पोचला तर पुढे दिवस राहायला अडचण येते. औषध दोघांनी एकाच वेळी घ्या. डॉक्टर 'आता चालेल' म्हणेपर्यंत संबंध नको.