घरी केलेली टेस्ट आणि रात्री उमटलेली रेघ

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय 26. गोव्यात हॉटेलात कामाला आहे. मी ऑनलाइन एचआयव्हीचं कार्ड मागवून घेतलो. रूमवर कोणी नसताना बोटाला सुई टोचून रक्त घातलो. वीस मिनिटं बघत बसलो, एकच रेघ होती. बरं वाटलं. कार्ड कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलो. रात्री झोपताना परत काढून बघितलो तर दुसरी रेघ दिसली, एकदम फिकट. तेव्हापासून जेवण जात नाही. शेवटचा संबंध गणपतीनंतर झाला, कंडोम नव्हता. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, मुलगी चंदगडकडची. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये माझा आतेभाऊच आहे, तिथं जाता येत नाही. काय करू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: आधी पोटभर जेव. रात्री दिसलेली ती रेघ वाचायचीच नसते.

अशा कार्डाच्या आत कागदाची पट्टी असते. रक्त आणि सोबतच्या बाटलीतले थेंब त्या पट्टीवरून चढत जातात. निकाल कधी बघायचा ती वेळ कंपनीने चिठ्ठीवर छापलेली असते, काही कार्डांना पंधरा मिनिटं, काहींना वीस. ती वेळ टळली की पट्टी वाळायला लागते आणि वाळताना फिकट खूण उमटू शकते. म्हणून उशिरा दिसलेल्या रेघेवरून ‘आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ असंही म्हणता येत नाही. हेच वेळेच्या आत घडलं असतं, तर मात्र मी वेगळं सांगितलं असतं. वेळेत दिसलेली दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती धरायची आणि पुढची तपासणी करायची. कार्ड नीट चाललं की त्यावरच्या ‘सी’ या अक्षरापाशी एक रेघ येतेच; ती आली नाही तर कार्ड वाया गेलं, नवीन घ्यायचं.

आता तुझ्या पहिल्या, एकाच रेघेबद्दल. तीही अजून पक्की धरू नकोस. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो आणि कार्ड तीच प्रतिपिंडं शोधतं. या मधल्या काळालाच विंडो पिरियड म्हणतात. घरच्या टेस्टसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरावा. गणपती होऊन अजून तेवढे दिवस झालेले नाहीत. म्हणजे एक तपासणी आत्ता आणि एक तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर कुणाशीही संबंध नको, निदान कंडोमशिवाय तर अजिबात नको.

आणखी एक गोष्ट. ऑनलाइन मिळणारी बरीचशी कार्डं लॅबमधल्या माणसासाठी बनवलेली असतात, घरी वापरायला नव्हे. पाकिटावर स्व-चाचणीसाठी असं लिहिलेलं आहे का, मुदत संपलेली आहे का, हे बघूनच घ्यावं. परदेशात हिरड्यांवरून काडी फिरवून करायची टेस्टही मिळते, तिचा निकाल वीस ते चाळीस मिनिटांत वाचतात. त्या टेस्टआधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही आणि अर्धा तास दात घासायचे नाहीत की चूळ भरायचं औषध वापरायचं नाही. ही टेस्ट आपल्याकडे आली, तर चिठ्ठीवर मिश्री आणि तंबाखूचा उल्लेख हवाच, कारण निपाणी-चिकोडीकडे कित्येक बायकांच्या हिरड्यांना दिवसभर मिश्री असते.

आतेभावाचं. तू तालुक्यातच तपासायला पाहिजे असा कुठलाच नियम नाही. सरकारी आयसीटीसी केंद्र, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, देशात कुठलंही चालतं आणि तपासणी मोफत असते. मी बेळगावात समुपदेशक होते तेव्हा गडहिंग्लज-चंदगडची माणसं आमच्याकडे यायची आणि निपाणीची माणसं कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायची. डॉक्टर दोन्हीकडे होते. माणसं सीमा ओलांडायची ती ओळखीचा चेहरा चुकवायला, त्यासाठी दिवसाचा रोजगार बुडवायची आणि तिकिटाचे पैसे घालायची. ज्यांना तेवढंही परवडत नव्हतं ती यायचीच नाहीत, आणि आली तेव्हा टीबी झालेला असायचा. म्हणून घरची टेस्ट मला मनापासून हवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्व-चाचणीची शिफारस केली. आपल्याकडे सरकारी केंद्रातून घरी न्यायला किट अजून सर्रास मिळत नाही. ते ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर मिळावं, विडीच्या वखारीत मिळावं, पुणे-बेंगळूर हायवेवर ट्रक थांबतात तिथं मिळावं, आणि आतली चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्ये असावी. रात्री रेघ दिसली तर विचारायला कोणाला फोन करायचा, तो नंबर मोठ्या अक्षरात असावा. तुझ्या पाकिटावर तो असता तर तुझे जेवणाचे हाल झाले नसते.

तू गोव्यातच एखाद्या सरकारी जिल्हा रुग्णालयात जा. समुपदेशक आधी बोलेल, मग बोटातून रक्त घेईल. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगवेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर तपासतात आणि तिन्ही जुळल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. एका कार्डावर कोणी हा शब्द उच्चारला तर मानू नकोस, मग ते घरचं कार्ड असो की खाजगी लॅबचं. संबंध कुणाबरोबर आला हे तू लिहिलं नाहीस, लिहायची गरजही नाही. पुरुषाबरोबर आला असेल तरी समुपदेशकाला मोकळेपणाने सांग. सुप्रीम कोर्टाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून तो गुन्हा नाही. आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आतेभावावरही आहे, हे लक्षात ठेव.

निकाल पॉझिटिव्ह आलाच तर? औषध 2004 पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नियमित घेतली आणि रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी होऊन तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशी किती जोडपी मी बघितली, लग्न करून, निरोगी मुलं असलेली. पण मुलीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढायचं नाही. या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. तीन महिन्यांची तपासणी तुळशीच्या लग्नाच्या पुढे जात असेल तर तारीख पुढे ढकल. सुट्टी मिळत नाही म्हण, घराचं काम काढलंय म्हण, कारण काहीही सांग. पॉझिटिव्ह निघाला तर तिला तूच सांग. एकट्याने जमत नसेल तर दोघं समुपदेशकासमोर बसा.

पुढे कधी कंडोम नसताना किंवा फाटून संबंध झाला तर कार्डाची वाट बघू नकोस. 72 तासांच्या आत डॉक्टरकडे गेलास तर 28 दिवसांचं प्रतिबंधक औषध सुरू करता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

प्रश्न: मी विड्या वळते. वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, आता ओटीपोटातही दुखतं. मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या. घरचे मालक मुंबई-बेंगळूर ट्रकवर असतात, दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात. आशाताई आमच्याच गल्लीतली आहे, तिला सांगायला लाज वाटते. एचआयव्ही असेल का?
– एक भगिनी, निपाणी

उत्तर: थोडं पांढरं जाणं नैसर्गिक असतं. वास, आग आणि ओटीपोटातलं दुखणं म्हणजे मात्र जंतुसंसर्ग असू शकतो, आणि दुखणं सुरू झालंय म्हणजे आता थांबू नका. याच आठवड्यात दाखवा. एचआयव्ही आहे की नाही हे या त्रासावरून ठरत नाही. पण संसर्ग अंगावर काढला तर एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते, म्हणून दोन्ही तपासण्या एकाच फेरीत करून घ्या. सिफिलिसचीही सांगा.

सरकारी मोठ्या दवाखान्यात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथं तपासणी आणि औषध मोफत आहे. त्रासाप्रमाणे रंगाचं पाकीट देतात, हिरवं, करडं, पिवळं, पांढरं असं. पाकिटातल्या सगळ्या गोळ्या संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन-चार गोळ्यांनी त्रास दबतो आणि परत डोकं काढतो, तुमचं तेच झालेलं दिसतंय. आशाताईंना सगळं सांगायची गरज नाही. ‘पोटात दुखतंय, बाईडॉक्टरना दाखवायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरे. त्यांनाही न सांगता थेट गेलात तरी कोणी अडवणार नाही.

मालकांना औषध दिलं नाही तर तुमचं दुखणं परत येऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर जोडीदारासाठीचं औषधही देतात, ते मागून घ्या. त्यांच्या एचआयव्ही तपासणीचं म्हणाल, तर केनियातल्या किसुमूमध्ये गरोदर आणि बाळंतीण बायकांवर अभ्यास झाला होता, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं ‘नवऱ्याला तपासणीला पाठवा’ म्हणून चिठ्ठी दिली तर 52 टक्के नवऱ्यांची तपासणी झाली. बायकोच्या हातात घरी करायच्या किट दिल्या तेव्हा 91 टक्क्यांची झाली. जो पुरुष दवाखान्याच्या पायरीला चिडतो, तो घरात दार लावून करतो. आपल्या बायकांच्या हातात हे किट का देत नाहीत, असा प्रश्न मी जिथं संधी मिळेल तिथं विचारते. पण एक सांगते, मारहाणीची भीती असेल तर त्यांच्यापुढे विषय काढू नका. आधी तुमचं औषध सुरू होऊ दे, मग समुपदेशकाशी बोलून ठरवा.

प्रश्न: सुनेचं नाव गरोदरपणात दवाखान्यात घातलं. कन्नडमधल्या कागदावर सही घेतली आणि रक्त काढलं. नंतर कळलं की त्यात एचआयव्हीची तपासणी होती. आम्हाला कन्नड वाचता येत नाही. हे बरोबर आहे का?
– एक सासूबाई, खानापूर तालुका

उत्तर: तपासणी बरोबर, पद्धत चूक. गरोदरपणात ही तपासणी व्हायलाच पाहिजे. आई पॉझिटिव्ह असली तरी वेळेवर औषध मिळालं तर बाळाला बहुतेक वेळा वाचवता येतं. पण संमती कशाला म्हणायचं हे 2017 च्या, वर सांगितलेल्याच एचआयव्ही कायद्यात लिहिलंय. माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, मगच सही. खानापुरात ती भाषा मराठी असेल तर मराठीत सांगायला हवं. पुढच्या वेळी कागद समोर आला की सूनबाईंनी पेन खाली ठेवून म्हणावं, ‘ननगे कन्नड बरल्ल, मराठियल्लि हेळ्री’, म्हणजे मला कन्नड येत नाही, मराठीत सांगा. नर्सबाईंपैकी एकीला तरी मराठी येतच असतं. नाहीच जमलं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन लावा, तो मोफत आहे. आणि निकाल सुनेच्या हातात द्यायला सांगा, तुमच्या नाही. तुम्ही काळजीने विचारताय हे मला कळतं, पण तो कागद आधी तिने वाचायचा. कुणाला दाखवायचा ते ती ठरवेल.