छापील चित्र आणि लेझर कटिंगची रेघ तंतोतंत कशी जुळवावी?

तुमच्या म्हणण्यानुसार चित्राच्या डाव्या कोपऱ्यात कटिंगची रेघ नेमकी बसते, पण उजवीकडे जाता जाता ती दीड-दोन मिलिमीटर बाहेर पडते आणि फाइल सरकवली की डावीकडचे बिघडते. चूक सगळीकडे सारखी असती तर प्रश्न जागेचा असता. ती अंतराबरोबर वाढत असल्यामुळे प्रश्न मापाचा आहे आणि फाइल कितीही सरकवली तरी तो सुटणार नाही.

माप किती टक्क्यांनी चुकले आहे ते आधी काढा, कारण बहुतेक वेळा त्या आकड्यावरूनच चुकीचे मूळ कळते. आकृती तीनचतुर्थांश झाली असेल, तर इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका इंचाला ७२ एकक धरून तयार झालेली एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल ९६ एकक धरणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडली असण्याची दाट शक्यता आहे. फरक सहा-सात टक्क्यांचा असेल, तर इंकस्केप या रेखाटनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासा, कारण ०.९२ च्या आधीच्या आवृत्त्या इंचाला ९० एकक धरत असत. डीएक्सएफ या आराखड्यांच्या फाइल-प्रकारात इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली, तर आकृती थेट २५.४ पट लहान किंवा मोठी होते, त्यामुळे ती चूक लपून राहत नाही. दोन-चार टक्क्यांचा फरक बहुधा छपाईच्या वेळी ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्यामुळे पडतो, तेव्हा नेहमी मूळ आकारातच, म्हणजे १०० टक्क्यांवर छापावे. तुमचा फरक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर संशय प्रिंटरच्या कागद ओढण्यावर आणि खुद्द कागदावर घ्यावा लागतो: कागद दमट हवेत फुगतो, लेझर प्रिंटरच्या उष्णतेने आकसतो, आणि हे दोन्ही बदल लांबी-रुंदीत सारखे नसतात.

म्हणून माझ्या मते छापील कागद हेच प्रमाण मानून कटिंगची फाइल त्याला जुळवून घ्यावी. उलट दिशेने प्रयत्न करणे वेळखाऊ ठरते. चित्राबाहेर, एकमेकांपासून शक्य तितक्या दूर, तीन कोपऱ्यांत बारीक रेघांचे अधिक चिन्ह चित्रासोबतच छापा आणि त्याच जागी कटिंगच्या फाइलमध्येही ठेवा. छपाईनंतर चांगल्या पोलादी पट्टीने आडवे आणि उभे अंतर मोजा. समजा, फाइलमध्ये आडवे अंतर २५० मिमी असून कागदावर ते २४९.२ भरले आणि उभे १८० ऐवजी १७९.९ भरले, तर आडवे माप ९९.६८ टक्के आणि उभे ९९.९४ टक्के करावे लागेल. अर्थात त्यासाठी लांबी-रुंदीचे प्रमाण बांधून ठेवणारे गुणोत्तराचे कुलूप काढून दोन्ही आकडे स्वतंत्र भरावे लागतात. त्याआधी मशीनने २५० मिमीची रेघ खरोखर तेवढीच काढली का, हेही पाहून घ्यावे.

लाइटबर्न या लेझर मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘प्रिंट अँड कट’ ही सोय दोन चिन्हांवरून जागा, तिरकेपणा आणि हवे असल्यास मापही जुळवते. मात्र दोन बिंदूंवरून मिळणारे माप दोन्ही दिशांना एकच असते, त्यामुळे लांबी-रुंदीतला वेगळा फरक आधी वरीलप्रमाणे हाताने दुरुस्त करावा आणि मग ही सोय मापाविना वापरावी. चिन्हावर लेझरचे डोके आणताना जागा दाखवणाऱ्या तांबड्या ठिपक्यावर मी विसंबत नाही. तो तिरका बसवलेला असेल, तर वस्तूच्या जाडीनुसार सरकतो. कमी शक्तीचा एक क्षणिक ठोका देऊन डाग चिन्हाच्या मध्यावर पडतो का ते पाहणे अधिक भरवशाचे आहे.

किरण जेवढी जागा जाळतो तिला कर्फ म्हणतात. तिच्या निम्म्याने रेघ बाहेर सरकवली नाही, तर तुकडा किंचित लहान होतो, पण ही चूक सगळीकडे सारखी असते, त्यामुळे तुमच्या तक्रारीशी तिचा संबंध नाही. काही दशांश मिलिमीटरची चूक कितीही काळजी घेतली तरी उरते, म्हणून रंग कटिंगच्या रेघेबाहेर २-३ मिमी वाढवून छापावा, म्हणजे कडेला पांढरी किनार दिसत नाही. आणि छापील कागदाऐवजी पीव्हीसीचे स्टिकर कापण्याचा विचार असेल, तर ते लेझरखाली मुळीच ठेवू नका, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनही गंजवतो.

एकाच प्रिंटरवर एकाच बैठकीत छापलेल्या कागदांना मापाचे तेच टक्के सहसा चालतात, परंतु जागा आणि तिरकेपणा प्रत्येक कागदासाठी नव्याने घ्यावा लागतो. छापलेले गठ्ठे काही दिवस पडून राहिले असतील, तर कापण्यापूर्वी एक कागद पुन्हा मोजा.