इंदूरहून घरगुती शेव-चिवडा अमेरिकेला विकायचा असेल, तर सुरुवात कशी करावी?

परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर 500 रुपये भरून आयात-निर्यात कोड घ्यावा, अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयचा परवाना काढावा आणि जीएसटीत एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) दाखल करावे, म्हणजे कर आधी भरून परताव्याची वाट पाहावी लागत नाही. हे सोपे आहे. माल अडतो तो लेबलावर. चिवड्यातले शेंगदाणे सर्वांच्याच लक्षात येतात, पण शेवेत घालतो त्या हिंगपुडीत बहुधा गव्हाचे पीठ असते, आणि अमेरिकेत गव्हाचा उल्लेख ॲलर्जीकारक घटक म्हणून पाकिटावर करावाच लागतो. उत्पादनस्थळाची एफडीएकडे (अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन) नोंदणी आणि माल पोहोचण्यापूर्वीची सूचनाही बंधनकारक आहे. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. उधारी ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा उतरवूनच द्यावी, मग तो न्यू जर्सीतला आपला मराठी माणूस का असेना.